उजनी जलाशयकाठचे पर्यटन आणि स्थानिकांचे दैनंदिन जीवन : पळसदेव परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

पर्यटनस्थळांविषयीचे लेखन बहुधा तेथे येणाऱ्याच्या दृष्टीने झालेले असते. पर्यटक किती आले, किती दिवस राहिले, त्यांनी किती खर्च केला, त्यांना काय आवडले, याच प्रश्नांत पर्यटनाचा अभ्यास दीर्घकाळ गुंतून पडला होता. ज्या गावात हे पर्यटक येतात त्या गावातील माणसाचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हा प्रश्न तुलनेने उशिरा विचारला गेला. १९७५ मध्ये जी. व्ही. डॉक्सी यांनी स्थानिकांच्या मनःस्थितीचे चार टप्पे मांडले. प्रारंभी उत्साह, मग उदासीनता, पुढे चीड आणि अखेरीस उघड विरोध, असा तो क्रम होय. १९७७ मध्ये व्हॅलेन स्मिथ यांनी संपादित केलेल्या 'होस्ट्स अँड गेस्ट्स' या ग्रंथाने यजमान आणि पाहुणा या नात्याला मानवशास्त्राच्या चौकटीत आणले. व्हेनिस शहराने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी येणाऱ्या एकदिवसीय पर्यटकांवर प्रवेशशुल्क बसविले, तेव्हा डॉक्सी यांच्या शेवटच्या टप्प्याची अनेकांना आठवण झाली असेल.

या सर्व विवेचनामागे एक गृहीतक आहे. स्थळ स्थिर आहे, यजमान तेथे आधीपासून आहे आणि पाहुणा नंतर येतो, असे ते गृहीतक होय. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील पळसदेव आणि त्याच्या शेजारचा उजनी जलाशयाचा काठ या गृहीतकात बसत नाही. येथे प्रेक्षणीय ठरलेले स्थळच पाण्याबरोबर प्रकट होते आणि पाण्याबरोबर लुप्त होते. पाणी उतरते तेव्हा पर्यटक येतो. पाणी उतरते तेव्हाच शेतकऱ्याची मोटार कोरडी पडते. एकाचा हंगाम ती दुसऱ्याची टंचाई, हे या परिसराच्या दैनंदिन जीवनाचे मर्म आहे. प्रस्तुत लेखात त्याचेच स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

एक नाव, दोन गावे

भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. हा जलाशय पुणे, सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या तीन जिल्ह्यांच्या सीमांवर दूरवर पसरलेला असून त्याच्या फुगवट्यात भीमाकाठची अनेक गावे गेली. पळसदेव त्यांपैकी एक होय. मूळ गाव नदीकाठी होते. धरणात पाणी साठू लागण्याच्या सुमारास ग्रामस्थांना ते सोडावे लागले आणि पुणे-सोलापूर महामार्गालगत त्याच नावाचे नवे गाव वसले. नव्या गावठाणातही पळसनाथाचे मंदिर उभे राहिले. जुने मंदिर मात्र जागच्या जागी राहिले आणि पाण्याखाली गेले.

धरणग्रस्त गाव म्हटले की आपल्यासमोर कायमचे बुडालेले गाव येते. पळसदेवचे तसे नाही, आणि याचे कारण उजनीच्या पाणीसाठ्याच्या रचनेत आहे. धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यांपैकी सुमारे साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा आणि त्याहूनही मोठा, म्हणजे सुमारे साडेत्रेसष्ट टीएमसी, मृत साठा समजला जातो. उपयुक्त साठा संपला की टक्केवारी शून्यावर येते. परंतु पाण्याचा वापर शून्यापाशी थांबत नाही. वृत्तपत्रांत 'उजनी उणे चाळीस टक्के' असे मथळे येतात, ते त्यामुळेच. परगावच्या वाचकाला हे गणित कोड्यात टाकते. काठावरच्या शेतकऱ्याला मात्र ते तोंडपाठ असते, कारण उण्याच्या प्रत्येक टक्क्याबरोबर पाणी त्याच्या बांधापासून आणखी दूर सरकते.

२०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही. परिणामी २०२४ च्या जूनच्या प्रारंभी साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला. म्हणजे मृत साठ्यापैकीही सुमारे निम्माच उरला. मंदिराचा सारा परिसर उघडा पडला आणि पळसदेवचे नाव राज्यभर झाले. पुढे पुणे जिल्ह्यातील वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उजनी शंभर टक्के भरली. दोन महिन्यांत एका पर्यटनस्थळाचा उदय आणि अस्त झाला. यात इंदापूर तालुक्यात पडलेल्या पावसाचा वाटा थोडाच होता. हा तालुका मुळात अवर्षणप्रवण आहे. येथील जलाशय येथील आभाळामुळे भरत नाही, तो मावळातील पावसाने भरतो. रिकामा होतो तोही मुख्यतः खालच्या भागाच्या गरजेपोटी. सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी, कालव्यांवरील शेती आणि पंढरपूरच्या यात्रा या जलाशयावर अवलंबून आहेत.

उघडे पडलेले गाव

पाणी ओसरू लागले की प्रथम मंदिराचे शिखर दिसू लागते. मग भिंती, आणि टंचाई तीव्र असेल तर सभोवतालचे अवशेष, वीरगळ, घरांची जोती. हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे हे प्राचीन मंदिर दशकानुदशके पाण्यात राहून टिकले, याचे कौतुक पर्यटकाला वाटते आणि ते योग्यच आहे. परंतु पाणी असताना होडीने आणि नसताना पायी तेथे पोचणारा पर्यटक ज्याला अवशेष म्हणतो, ते कोणाचे तरी घर असते. साठी-सत्तरी ओलांडलेल्या ग्रामस्थाला त्या जोत्यांमधून वेस, आळी, तालीम, नदीचा उतार यांचा मेळ लावता येतो. पुढच्या पिढीला येत नाही. नव्या गावात जन्मलेल्या तरुणासाठी जुने पळसदेव हेही एका अर्थाने सहलीचेच ठिकाण आहे. विस्थापनाची एक पिढी अशा रीतीने आपल्याच गावाची पर्यटक झाली आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

या संदर्भात गोव्यातील सांगे तालुक्यातील कुर्डी गावाची तुलना उद्बोधक आहे. गायिका मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावातून हे गाव मराठी रसिकांना परिचित आहे. साळावली धरणाच्या जलाशयात ते बुडाले. तेथेही उन्हाळ्यात, साधारण मे महिन्यात, पाणी ओसरून गाव उघडे पडते. इतरत्र पुनर्वसित झालेले कुर्डीकर त्या दिवसांत एकत्र येतात, सोमेश्वराचा उत्सव करतात, ख्रिस्ती कुटुंबे आपल्या प्रार्थनास्थळी सण साजरा करतात. पर्यटकही येतात, पण त्या दिवशी ते यजमानांच्या उत्सवातले पाहुणे असतात. कुर्डीला असे करता येते, कारण तेथील पाण्याला वार्षिक लय आहे. पळसदेवचे मंदिर दरवर्षी सारखे उघडे पडत नाही. २०१६, २०१९ आणि २०२४ या वर्षांच्या उन्हाळ्यांत साठा खोलवर उण्यात गेला. भरपूर पावसाच्या वर्षानंतर तो तेवढा उतरतही नाही. ज्याची तिथी पंचांगात सापडत नाही त्याची यात्रा कशी भरवावी? म्हणून पळसदेवला येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत करणारी व्यवस्था उभी राहिली नाही. बातमी येते, गर्दी येते, पाणी येते आणि गर्दी जाते. दूर स्पेनमधील काताल्युनिया प्रांतातही हेच घडले. साऊ जलाशयातील बुडालेल्या सांत रोमा चर्चचे अवशेष २०२३ च्या दुष्काळात पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली होती, आणि तो जलाशय बार्सिलोना परिसराच्या पिण्याच्या पाण्याचा एक आधार होता.

ज्या आठवड्यांत मंदिर पाहण्यास गर्दी होते त्याच आठवड्यांत काठावरच्या कुटुंबाचा दिवस कसा असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. फुगवट्याच्या काठची शेती ऊस, केळी यांसारख्या पाणी मागणाऱ्या पिकांची आहे. जलाशयातून विद्युतपंपाने पाणी उचलून, पाइपलाइनने शेतापर्यंत न्यायचे, ही येथील रीत. पाणी मागे हटले की पंप पुढे न्यावा लागतो. पाइप जोडावे लागतात, केबल वाढवावी लागते, गाळातून चारी खोदून पाणी पंपापर्यंत आणावे लागते. पाणी पुन्हा हटले की हेच पुन्हा. रात्री वीज असेल तर रात्री जागायचे. उघड्या पात्रात पडलेल्या केबलची चोरी ही आणखी एक चिंता, म्हणून राखण आली. पर्यटकाच्या छायाचित्रात मंदिराच्या पार्श्वभूमीवर दिसणारे काळे पाइप अनेकांना दृश्य बिघडविणारे वाटतात. वस्तुतः त्या छायाचित्रातला वर्तमानकाळ तेवढाच आहे.

ओसरलेल्या पाण्यामागे गाळाची सुपीक जमीन मोकळी होते. तीत पीक घेण्याच्या पद्धतीस गाळपेर म्हणतात. जमीन संपादित झालेली, म्हणून शासनाची. पण कोणाचे शेत कोठपर्यंत होते याची स्मृती गावात असतेच. बुडालेली जमीन काही महिन्यांसाठी हाताशी येते आणि पहिल्या विसर्गाबरोबर परत जाते. गाळपेरीच्या पिकाच्या कडेने चालत जाणाऱ्या पर्यटकाला ते मोकळे नदीपात्र वाटते व तो गाडी थेट आत घालतो, तेव्हा उडणारे खटके किरकोळ असले तरी ते नेमके कशावरून उडतात हे समजून घेण्यासारखे आहे.

पक्षी, मासे आणि होडी

पळसदेवच्या पश्चिमेस, महामार्गावरच, भिगवण आहे. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव हा पट्टा पक्षिनिरीक्षकांना सुपरिचित आहे. कच्छच्या रणात वीण करणारे रोहित पक्षी, ज्यांना अग्निपंख किंवा सर्रास फ्लेमिंगो म्हटले जाते, हिवाळ्याच्या सुमारास येथे उतरतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, चक्रवाक, चित्रबलाक, कुरव, सुरय यांचीही दाटी असते. येथे पर्यटन अपघाती नाही, त्याला हंगाम आहे, व्यवस्था आहे आणि त्यावर चालणाऱ्या चुली आहेत. कुंभारगावातील मासेमारी करणारे तरुण पक्ष्यांचे मार्गदर्शक झाले, घरांत पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय झाली. ज्याने लहानपणी जाळ्यावर येणारा पक्षी हाकलला तोच आज पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला त्याचे इंग्रजी नाव, वय आणि नर-मादीतला फरक सांगतो. अभ्यासकांनी या ज्ञानाची नोंद घ्यावयास हवी. महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहली दरवर्षी येथे येतात आणि होडी वल्हवणाऱ्याला सहसा भाडे विचारण्यापलीकडे काही विचारीत नाहीत.

परंतु पाण्याचे गणित येथेही तेच आहे. रोहित पक्षी उथळ पाण्यात, चिखलात मान बुडवून शेवाळ व सूक्ष्म जीव टिपतो. धरण काठोकाठ भरलेले असताना त्याला उभे राहण्यास जागा नसते. त्यामुळे पाऊस उत्तम झाला की पक्षी उशिरा येतात, आणि पावसाने दगा दिला की दलदल लवकर उघडी पडून पक्षीही लवकर दिसू लागतात. 'यंदा फ्लेमिंगो लांबले' ही पक्षिप्रेमींची तक्रार शेतकऱ्याच्या कानी पडते तेव्हा त्याला ती शुभवार्ताच वाटत असणार. एकाच घरात एक भाऊ ऊस करतो आणि दुसरा होडी चालवितो, अशा कुटुंबाने जलाशय भरावा अशी प्रार्थना करावी की उतरावा अशी, हा प्रश्न तात्त्विक नाही.

या निसर्गसौंदर्यात शहराचा वाटा आहे, तोही नमूद केला पाहिजे. पुणे व पिंपरी-चिंचवडमधील सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यामुळे जलपर्णी माजते, पाणी हिरवे पडते, शेवाळ वाढते. शेवाळावर जगणाऱ्या पक्ष्यांना ते सोसते. माणसांना सोसत नाही. शनिवार-रविवारी ज्या शहरातून पाहुणा स्वच्छ हवेसाठी येतो, त्याच शहराचे पाणी आठवडाभर आधी येथे पोचलेले असते. काठावरच्या गावात मात्र पिण्याच्या पाण्यासाठी शुद्धीकरण यंत्राचे जार विकत घेणे हा नित्याचा खर्च होऊन बसतो.

माशांची कथाही अशीच मिश्र आहे. भिगवणचा मासळी बाजार आणि महामार्गालगतची मासळीची भोजनालये सर्वदूर प्रसिद्ध आहेत. उजनीत आज चिलापी या मूळच्या आफ्रिकी माशाचे प्राबल्य आहे. मरळ, वाम यांसारखे चवीचे मासे मिळतात, पण त्यांना गिऱ्हाईक महामार्गावर उभे असते. मच्छीमाराचा दिवस पहाटेच्या अंधारात जाळी उचलण्याने सुरू होतो, सकाळी लिलाव होतो, आणि दुपारी पर्यटक ताटावर बसतो तेव्हा मासा धरणारा बहुधा जाळी विणत किंवा झोपलेला असतो. दोघांची गाठ पडत नाही. होडी चालविणारा आणि मासा धरणारा एकच असेल तर हिवाळ्यात त्याला पहाट दोघांत वाटावी लागते, कारण पक्षी आणि मासे दोघेही पहाटेचेच.

पलीकडचा काठ

पर्यटनाच्या चर्चेत ज्याचा क्वचितच उल्लेख होतो असा दैनंदिन जीवनाचा एक भाग म्हणजे पाण्यापलीकडील ये-जा. धरणापूर्वी भीमेच्या दोन्ही काठांवरील गावे नदीच्या उतारांनी जोडलेली होती. त्यांच्यांत सोयरिकी होत्या, बाजार एक होते. नदीचा जलाशय झाला आणि समोर दिसणारे गाव रस्त्याने कितीतरी दूर गेले. इंदापूर तालुक्यातील कळाशी, शिरसोडी आणि समोरचे करमाळा तालुक्यातील कुगाव यांमध्ये म्हणूनच होडीची वाहतूक चालत आली. दवाखाना, महाविद्यालय, लग्नकार्य, मजुरी, सारे होडीने. पर्यटकासाठी होडी ही मौज असते. येथील माणसासाठी ती एसटी आहे.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. याच दिवसांत काही अंतरावर पळसनाथाचे मंदिर पाहण्यास माणसे येत होती. त्यापूर्वी ३० एप्रिल २०१७ रोजी अजोती परिसरात सहलीस आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघांचा मृत्यू झाला होता. एक दुर्घटना पाहुण्यांची, एक घरच्यांची. जीवरक्षक जाकिटांचा, होडीच्या तपासणीचा आणि परवान्याचा प्रश्न दोन्ही वेळी चर्चिला गेला. उन्हाळ्याच्या उत्तरार्धातील दुपारनंतरचे वादळी वारे स्थानिक नावाड्याला ठाऊक असतात. पण रोजच्या प्रवाशाला घरी पोचायचे असते आणि पाहुण्याला सूर्यास्त पाहायचा असतो. तेव्हा होडी सोडू नये असे सांगण्याचा अधिकार केवळ नावाड्याच्या भिडेवर अवलंबून राहू नये, इतकी अपेक्षा अवाजवी नाही.

यजमानपणाचा अधिकार

इंदापूर-बारामतीच्या माणसाला पाहुणा नवा नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच दोन तालुक्यांतून जाते. बेलवाडीचे आणि इंदापूरचे रिंगण प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत रस्त्याकडेचे प्रत्येक गाव आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसांना जेवू घालते. गर्दी, कचरा, पाण्याचा ताण हे सारे तेव्हाही असते. तरीही डॉक्सी यांच्या चीड व विरोध या टप्प्यांची भाषा तेथे लागू पडत नाही. याचे कारण केवळ श्रद्धा नव्हे. वारीची तिथी ठाऊक असते, कोणत्या गावाने काय करायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि यजमानपण गावाकडे असते. उजनीकाठच्या पर्यटनात यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत कमी आहे.

पाणी केव्हा सोडायचे, किती ठेवायचे, हे काठावरचा माणूस ठरवीत नाही. २०२१ मध्ये उजनीतून पाच टीएमसी सांडपाणी इंदापूर तालुक्यास देण्याचा निर्णय झाला. सोलापूर जिल्ह्यातून तीव्र विरोध झाल्यावर तो महिनाभरातच मागे घेण्यात आला. त्या वादात कोणाची बाजू न्याय्य होती हा या लेखाचा विषय नाही. परंतु जमीन देऊन पाण्याकाठी राहिलेल्या तालुक्याला त्याच पाण्यासाठी मागणीदार म्हणून उभे राहावे लागते, एवढे त्यातून दिसले. २०२४ मध्ये राज्य शासनाने उजनीवरील जलपर्यटनाच्या आराखड्यास मंजुरी दिली. अशा आराखड्यांत धक्के, बोटी, निवासस्थाने येतात. जलाशयाची पातळी वर्षभरात कित्येक मीटर खालीवर होते तेथे कायमचा धक्का कोठे बांधायचा, हे नावाड्याला विचारल्यास तो चटकन सांगू शकेल. मंदिराचे संवर्धन व्हावे अशी ग्रामस्थांची मागणीही दर मोठ्या टंचाईत पुढे येते आणि पाणी चढले की तिच्यासह बुडते. पाणी उतरलेल्या दोन-तीन महिन्यांतच करता येईल अशा कामाचा आराखडा पाणी भरलेले असताना तयार ठेवावा लागतो. येथे क्रम उलटा होतो.

कुगाव व शिरसोडी यांना जोडणाऱ्या पुलालाही मंजुरी मिळालेली आहे. तो वाहता झाला की पलीकडच्या काठावरचा विद्यार्थी, रुग्ण आणि लग्नाचे वऱ्हाड होडीतून उतरून गाडीत बसेल. होडीवाल्याकडे मग मुख्यतः पर्यटकच उरतील. आणि ते उजनीत पाणी किती आहे यावर येतील किंवा येणार नाहीत.